स्थानिक नाव, असल्यास

ताईच्या धाकट्या भावाला सगळी वस्ती कात्र्या म्हणायची, आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. लोकांच्या बागेतली झुडपं कापून नीटनेटकी करायची, झाडं छाटायची, पडलेला पाला आणि फांद्या आपल्या छोट्या टेम्पोत भरून न्यायच्या, हा त्याचा धंदा. टेकडीवरच्या बंगल्यांत त्याची नेहमीच्या कामाची चौदा घरं बांधलेली होती. तिथल्या कुत्र्यांनासुद्धा त्याच्या टेम्पोचा आवाज ओळखीचा झाला होता.

तो ताईच्या कचेरीत कधी येत नसे. पण त्या वर्षी, ऊन नुकतं तापायला लागलं होतं तेव्हा, तो एका सकाळी संस्थेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. हातात आइस्क्रीमचा रिकामा डबा, त्याच्या झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं. शर्टाची कॉलर वर केलेली, मान लालबुंद.

"हे बघ कसलं आहे," तो म्हणाला. "आईच्या तुतीवर एक पान ठेवलेलं नाही. आणि नुसता हात लागला तर अंगाची ही दशा."

ताईने झाकण जरासं उचलून पाहिलं. आत तीसएक करडे सुरवंट एकमेकांच्या अंगावर चढत होते. अंगभर बारीक केस, पाठीवर दोन रांगा पिवळट ठिपक्यांच्या. अठरा वर्षं ती पीकसंरक्षण संस्थेत कीटकांच्या विभागात साहाय्यक होती. इथले म्हणून जेवढे सुरवंट होते तेवढे तिच्या हाताखालून गेले होते, आणि हा त्यांतला नव्हता.

"मानेला काही चोळू नकोस," ती म्हणाली. "चिकटपट्टी लाव आणि ओढून काढ. कुसळं निघतील."

"आणि झाडाचं?"

"बघते."

दोघं ज्या वस्तीत वाढली तिला भट्टी म्हणत. कधीकाळी तिथे विटांची भट्टी होती. ती बंद पडली, खड्ड्यात पाणी साचलं, आणि कामगारांच्या खोल्या तेवढ्या मागे राहिल्या. आई अजून तिथेच राहायची, कात्र्याही तिच्याजवळच. ताई मात्र नोकरी लागल्यावर संस्थेजवळ दोन खोल्या घेऊन राहायला आली होती. ती भट्टीची आहे हे कचेरीत कुणाला माहीत नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं आणि तिनेही होऊन सांगितलं नव्हतं.

तिने ते सुरवंट जाळीच्या पिंजऱ्यात ठेवून पाळले. त्यांना रोज तुतीची पानं घातली. अकरा दिवसांनी त्यांनी कोष केले, आणखी तीन आठवड्यांनी त्यातून पतंग निघाले. नर करडे, चपळ. माद्या पांढरट, जाड, उडायला नाखूश. मोठ्या साहेबांनी परदेशातली जाडजूड पुस्तकं काढली, भिंग लावून दोन दिवस पंखांच्या शिरा मोजल्या आणि तिसऱ्या दिवशी खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "हा इकडचा नाहीच. समुद्रापलीकडचा पाहुणा आहे. आपल्या देशात पहिलीच नोंद, आणि ती आपली."

साहेबांना आनंद लपवता येत नव्हता. ताईलाही बरं वाटलं. नवी कीड सापडली की ती वरच्या कार्यालयाला कळवायची असते, त्यासाठी चार पानी अर्ज असतो, आणि असले अर्ज भरायचं काम ताईकडेच असे. साहेब परिषदेला निघाले होते. गाडीतूनच त्यांनी फोन केला.

"अर्ज आज गेला पाहिजे. भरलास ना सगळा?"

"सगळा भरलाय सर. सातवा रकाना तेवढा राहिलाय. 'स्थानिक नाव, असल्यास.' पण याला इथलं नाव कुठून असणार?"

"रिकामा नको ठेवूस. रिकामं दिसलं की ते लोक कागद परत पाठवतात. काहीतरी टाक."

"काय टाकू?"

"अगं, तुला जे सुचेल ते. कुठे सापडला त्यावरून टाक. मला आता बोगदा लागतोय."

फोन बंद झाला. शास्त्रीय नाव होतंच, पण ते दोन शब्दांचं लांबलचक प्रकरण म्हणताना खुद्द साहेबांची जीभ अडखळायची. ताईने पेन उचललं. भट्टीत पाणी येत नाही म्हणून मोर्चे निघाले होते, भट्टीत दोनदा आग लागली होती, पण त्या वस्तीचं नाव कधी कुठे छापून आलेलं नव्हतं. शहराच्या नकाशावर तिथे नुसता पांढरा तुकडा होता. हे सगळं तिच्या मनात आलं, आणि का कोण जाणे, जरा अभिमानही वाटला. तिने सातव्या रकान्यात सुबक अक्षरात लिहिलं: भट्टीचा पतंग. पाच मिनिटांत कागद पाकिटात गेला.

पहिलं वर्ष तसं निभावलं. दुसऱ्या वर्षी मात्र पतंगांनी शहर धरलं. माद्या उडत नसल्या तरी अंडी कुठेही घालायच्या: भिंतीवर, खोक्यांवर, उभ्या गाड्यांच्या चाकांच्या आत. गाड्या जातील तिथे अंडी गेली. ताईच्या टेबलामागच्या नकाशावर ती लाल टाचण्या टोचायची. चैनीत राहणारी टेकडी, बाजार, स्टेशनामागचे रस्ते, सगळं लाल झालं. ऊन चढलं की सुरवंटांचे केस वाऱ्यावर उडायचे. शाळा लवकर सोडाव्या लागल्या. दवाखान्यांत लोक माना खाजवत रांगा लावू लागले. नगरपालिकेने चौकाचौकांत पिवळे फलक लावले: 'भट्टीचा पतंग. हात लावू नका. दिसल्यास कळवा.'

लोकांना एवढं लांब बोलायला वेळ कुठे असतो. महिन्याभरात 'पतंग' गळून पडला. 'आमच्या बाल्कनीत भट्टी झालीय,' असं म्हणू लागले. अंगावर पुरळ आला की 'भट्टी उठली.' आणि एकदा एवढं झाल्यावर पुढची पायरी यायला किती वेळ लागतो? भट्टीतल्या धुणंभांडी करणाऱ्या बायकांना आधी अंगणात कपडे झटकायला लावलं, मग उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. नाक्यावरचा केस कापणारा भट्टीच्या माणसाच्या मानेला हात लावीना. बसमध्ये तिकडच्या थांब्यावर चढणाऱ्याच्या शेजारची जागा रिकामी राहायची.

कात्र्याची चौदा घरं होती, ती उन्हाळा संपेपर्यंत तीन उरली.

ताई दर रविवारी आईकडे जायची. एका रविवारी कात्र्या उंबऱ्यात बसून कात्रीला तेल देत होता. वापरात नसलेल्या कात्रीला तो इतकं तेल देत होता, की ते थेंबाथेंबाने खाली गळत होतं.

"काल नऊ नंबरच्या बाईंनी बागेची किल्ली मागून घेतली," तो म्हणाला. "फाटक उघडलं नाही. गजांमधून हात पुढे केला. हातमोजा घालून."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तू चांगला आहेस रे, पण तू राहतोस तिथे ते आहे ना. मी म्हटलं, बाई, ते तुमच्याही झाडांवर आहे, मीच मागच्या आठवड्यात काढलंय. तर म्हणाल्या, हो ना, आलं कुठून मग?" त्याने कात्री मिटली. "ताई, तुमच्यात एवढे शिकलेले लोक असतात. हे नाव कुणी ठेवलं असेल गं?"

ताई चहा गाळत होती. तिने गाळणं आपटून झटकलं, पुन्हा आपटलं.

"वरूनच आलं," ती म्हणाली.

आईने मुलीकडे पाहिलं, आणि ते पाहणं ताईला आठवडाभर छळत राहिलं.

सोमवारी कचेरीत जाऊन तिने नामसमितीला अर्ज लिहिला. असली एक समिती असते. किडीमुंग्यांची, पाखरांची, झाडांची व्यवहारातली नावं ती ठरवते. 'सदर नावामुळे एका वस्तीतील रहिवाशांस त्रास होत आहे,' असं ताईने लिहिलं. नाव आपणच सुचवलं होतं हे लिहायला हात धजेना. चार महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.

तोवर नगरपालिकेने मूळ ठिकाण साफ करायचं ठरवलं होतं. नकाशावर पहिली टाचणी जिथे होती, तिथली झाडं तोडायची. एका बुधवारी भट्टीत दोन ट्रक आले आणि संध्याकाळपर्यंत खड्ड्याकाठची सतरा झाडं आडवी झाली. आईच्या दारची तुती त्यातच गेली. आई खुर्ची बाहेर टाकून बसून राहिली. करवतीचा भुसा अंगावर उडाला तरी उठली नाही. टेकडीवर एकाही झाडाला कुणी हात लावला नाही. तिथे औषध फवारलं.

हिवाळ्यात कात्र्याची उरलेली तीन घरंही गेली. मग त्याने टेम्पो विकला आणि ठेकेदाराकडे कामाला लागला. काम होतं जाळायचं. झाडांवर चढून सुरवंटांनी विणलेली जाळी काढायची, पिंपात टाकायची, पेटवायची. भट्टीचे लोक असल्या कामाला चालत होते. उलट ठेकेदाराला तेच हवे होते. त्यांना सवय असते म्हणे.

"चष्मे देतात ना?" ताईने विचारलं होतं.

"चौघांत एक आहे. वर चढेल तो घालतो."

मार्चमधल्या एका दुपारी तो खाली उभा होता आणि वरून जाळं निसटलं. तोंडावर पडलं. त्याने डोळे मिटले, पण हाताने चेहरा पुसला, आणि तिथेच चुकलं. पुढच्या नळावर जाऊन पाणी मारलं आणि उरलेला दिवस काम केलं. चार दिवस डोळा लाल राहिला तरी घरी सांगितलं नाही. पाचव्या दिवशी उजेडात उघडेना, तेव्हा आईने ताईला फोन केला.

डोळ्याच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि आडपडदा न ठेवता बोलणाऱ्या. त्यांनी यंत्रातून बघितलं, मग ताईला बघू दिलं. बुबुळात आडवीतिडवी रोवलेली बारीक कुसळं. ताईने ती हजारदा भिंगाखाली पाहिली होती. प्रत्येक कुसळाला मागे वळलेले काटे असतात, त्यामुळे ते एकाच दिशेने सरकतं, हे तिने स्वतः एका अहवालात लिहिलं होतं.

"दिसतात तेवढी काढते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण काही आत शिरली आहेत. ती सरकत राहतात. महिने, कधी कधी वर्षं. डोळा वाचेल असं मी आज सांगणार नाही."

काढायला दीड तास लागला. नंतर कात्र्या बाहेरच्या बाकावर डोळ्याला पट्टी लावून बसला. समोरच्या भिंतीवर नळ दुरुस्त करणारा माणूस पान्याने काहीतरी ठोकत होता. ताईला वाटलं, हा ठोकायचा थांबला की सांगू. तो थांबला.

"ते नाव मी लिहिलं," ती म्हणाली. "अर्जात एक रकाना होता. रिकामा ठेवायचा नव्हता."

कात्र्याने पट्टीची सुटलेली कड बोटाने दाबली.

"साहेबांनी काहीतरी टाक म्हटलं. मला दुसरं काहीही टाकता आलं असतं. तुतीचा म्हणता आलं असतं. करडा म्हणता आलं असतं."

"मग भट्टीच का?"

"वाटलं, आपल्याकडचं काहीतरी कागदावर येईल."

तो हसला. म्हणजे नाकातून हवा सोडली. "आलं की," तो म्हणाला.

मग म्हणाला, "आईला सांगू नकोस. तिला बहुतेक कळलंय, पण सांगू नकोस. सांगितलंस तर तिला काहीतरी बोलावं लागेल."

त्यानंतर ताईने एक गोष्ट केली जी तिने खरं तर पहिल्याच वर्षी करायला हवी होती. संस्थेच्या तळघरात न ओळखलेल्या किड्यांच्या बाटल्या असतात. लोक आणून देतात, कुणाला वेळ नसतो, बाटल्या साठत जातात. त्या सांभाळायला एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना सगळे पेटीकाका म्हणत. भट्टीच्या आधी हा पतंग दुसरीकडून कुणी आणून दिला होता का हे बघायला ताईने पंधरा दिवस जेवणाच्या सुट्टीत ती फडताळं उपसली. पेटीकाका स्टुलावर बसून डबा खात बघत राहायचे.

"काय हरवलंय पोरी?"

"पांढरी मादी, काका. जाडी. करड्या पोटाची."

"आधी सांगायचंस. खालच्या खणात बघ, डाव्या हाताला. एका माळ्याने आणून दिली होती."

बाटली होती. स्पिरिट पिवळं पडलेलं, आत एक मादी, आणि चिठ्ठीवर पेटीकाकांचंच तिरकं अक्षर: अनोळखी, टेकडी, बंगला नंबर नऊ. तारीख कात्र्याच्या आइस्क्रीमच्या डब्याच्या सोळा महिने आधीची.

ताईने ती बाटली रुमालात गुंडाळून थेट मोठ्या साहेबांसमोर ठेवली. साहेबांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"माझा लेख छापून दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "पहिली नोंद कुठली, कधीची, सगळं त्यात आहे. आता हे बाहेर काढायचं?"

"पहिली नोंद ही आहे सर."

"ही न ओळखलेली बाटली आहे. ओळखली नाही तोवर नोंद होत नाही." मग आवाज उतरवून म्हणाले, "तुला एवढं काय आहे त्याचं?"

"मी भट्टीची आहे," ताई म्हणाली.

अठरा आणि दोन, वीस वर्षांत पहिल्यांदाच तिने हे कचेरीत सांगितलं होतं. साहेबांनी बाटली तिच्याकडे सरकवली. मग ते म्हणाले, "पाठव समितीला. माझी सही मागू नकोस, पण मी अडवणारही नाही."

समितीला पाठवण्याआधी ती भावाकडे गेली. त्याला आनंद होईल असं तिला वाटलं होतं. बंगल्याचा नंबर ऐकताच त्याने मान वळवून घरात पाहिलं. आई आत भाजी चिरत होती. त्याने दार ओढून घेतलं.

"नऊ नंबरला नवी झाडं आणली होती," तो हळू म्हणाला. "जहाजाने, मातीसकट. मोठी मोठी. लावल्यावर छाटायला मला बोलावलं. फांद्या चांगल्या होत्या, ताई. जळणाला बऱ्या. दोन खेपा इथे आणल्या आईच्या शेगडीसाठी. तुतीखाली रचून ठेवल्या होत्या."

दोघांनीही त्या जागेकडे पाहिलं. तिथे आता बुंधा होता, त्याच्यावर आईने भांडी वाळत घातली होती.

"म्हणजे टेकडीवरून इथे कसं आलं असं कुणी विचारलं तर," तो म्हणाला, आणि दार नीट लागलंय का ते पुन्हा पाहिलं.

ताई दोन दिवस ती बाटली पिशवीत घेऊन हिंडली. पाठवली तर भट्टीवरचा डाग जाईल, पण तोच डाग भावाच्या कपाळी येईल. तिसऱ्या दिवशी तिने बाटली पाठवली. फांद्यांबद्दल अवाक्षर लिहिलं नाही. कुणी विचारलं असतं तर काय सांगायचं, हे तिने आरशासमोर उभं राहून घोकून ठेवलं होतं.

कुणीच विचारलं नाही. समितीला ते जाणून घ्यायचंच नव्हतं. आठ महिन्यांनी परिपत्रक निघालं: तांत्रिक कारणास्तव सदर किडीचे व्यवहारातील नाव यापुढे 'करडा केसाळ पतंग' असे राहील. भट्टीचा उल्लेख नाही, टेकडीचा नाही, दिलगिरीचा तर प्रश्नच नाही. ताईने पालिकेत खेटे घालून चौकांतले फलक बदलून घेतले. पैकी निम्म्या फलकांवर जुन्या नावावर नुसती पट्टी चिकटवली, ती पहिल्या पावसात सुटली.

तोवर पतंग नदी ओलांडून शेजारच्या शहरात पोचला होता. तिकडच्या लोकांनी त्याला ताईच्या शहराचं नाव दिलं. टेकडीवरच्या मंडळींनी त्यावर वर्तमानपत्रात तक्रारीची पत्रं लिहिली.

कात्र्याचा डोळा मात्र पट्टी सुटल्यावरही निवळला नाही. कुसळं सरकत राहिली, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तशीच. दोन वर्षांत पाच वेळा ऑपरेशनच्या टेबलावर झोपावं लागलं. शेवटी त्यांनी दुसरा डोळा वाचवायचा असेल तर हा काढावा लागेल म्हणून सांगितलं. दाखल व्हायच्या दिवशी ताई बरोबर होती. खिडकीतल्या कारकुनाने संगणकावरून नजर न काढता विचारलं, "डोळ्याला काय झालं होतं?"

"करड्या केसाळ पतंगाची कुसळं गेली," ताई म्हणाली.

"कसल्या?"

"करडा केसाळ पतंग. परिपत्रक आलेलं आहे."

कारकुनाने यादी वरखाली केली. मागे रांग चुळबुळ करायला लागली. "असं काही दिसत नाही इथे," तो म्हणाला.

कात्र्या खिडकीकडे वाकला. "भट्टी," तो म्हणाला.

"मग तसं सांगा ना," कारकून म्हणाला, आणि त्याने कळ दाबली.

डोळा गुरुवारी काढला. जखम भरल्यावर त्या जागी काचेचा बसवला. रंग जवळपास जुळला. पुढे कात्र्याला एका पार्सलच्या गोदामात काम मिळालं, खोकी लावायचं. पत्ता म्हणून त्याने ताईचा दिला होता, तिला न विचारता. महिन्यातून एकदा तिच्या दारात त्याच्या नावाचं टपाल पडे आणि ती ते रविवारी घेऊन जाई. त्या विषयावर दोघं बोलत नसत.

आई पुढच्या हिवाळ्यात गेली. तिने मुलीला शेवटपर्यंत काही विचारलं नाही. ताईला वाटत राहिलं, की विचारलं असतं तर बरं झालं असतं. आईच्या खोलीतलं सामान आवरायला दोघं भावंडं मिळून गेली. दुपारपर्यंत कपडे, भांडी, गाद्या बाहेर काढून झाल्या. कपाट सरकवलं तेव्हा त्याच्या पाठीला, फळीच्या सांध्यात, करड्या केसांनी झाकलेले अंड्यांचे चार पुंजके चिकटलेले होते.

कात्र्याने रुमाल तोंडाला बांधला. ताईने पिशवीतून दोन चष्मे काढले. एक त्याला दिला, एक आपण घातला, आणि दोघं पत्र्याच्या तुकड्याने ते खरवडून काढायला लागली.